चादरी बदलणारी बाई संसदेत जाते तेव्हा…

१९ जून २०२२ च्या रात्री फ्रान्समधल्या निवडणुकीचे निकाल लागले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली ती अध्यक्ष मॅक्रॉन यांचं बहुमत गेलं म्हणून. ते खरंच होतं. ५७७ जणांच्या त्या सभागृहात बहुमताला २८९ जागा लागतात, तिथवर त्यांची आघाडी पोचली नाही. मोठी बातमी तीच. पण त्याच रात्री पॅरिसच्या दक्षिणेला लागून असलेल्या व्हाल-द-मार्न जिल्ह्यात, सातव्या मतदारसंघात, अवघ्या १७७ मतांनी एक बाई निवडून आली. रशेल केके तिचं नाव. वय अठ्ठेचाळीस, पाच मुलांची आई, आणि धंदा काय, तर हॉटेलातल्या खोल्या साफ करणं. पाहुण्यांनी सोडलेली खोली झाडायची, चादरी-अभ्रे बदलायचे, संडास-बाथरूम घासायचं, टॉवेल घड्या घालून ठेवायचे आणि पुढच्या दाराशी जायचं. जवळजवळ वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं.

त्यांनी हरवलं कोणाला, तर रोक्साना माराचिनेआनु यांना. या बाई मॅक्रॉन यांच्या सरकारात २०१८ पासून क्रीडा खात्याच्या मंत्री होत्या. त्याआधी नामांकित जलतरणपटू. १९९८ मध्ये जागतिक विजेत्या, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक. म्हणजे एकीकडे माजी मंत्री आणि ऑलिम्पिकपटू, दुसरीकडे बादली-पोछावाली. वर्तमानपत्रांना अशी जोडी मिळाली की ती सोडत नाहीत, आणि फ्रान्सच्या वर्तमानपत्रांनीही सोडली नाही. गंमत म्हणजे दोघीही जन्माने फ्रेंच नव्हेत. माराचिनेआनु रुमानियात जन्मल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर आसरा शोधत आल्या. केके आयव्हरी कोस्टच्या. परदेशातून आलेल्या दोन बायकांमध्ये पॅरिसच्या उपनगराची जागा लढवली गेली, ही गोष्ट मला त्या ‘मंत्री विरुद्ध मोलकरीण’ मथळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पण ती फारशी कोणी लिहिली नाही.

रशेलबाईंचा (मी त्यांना असंच म्हणणार, आपल्या तोंडात ते बसतं) जन्म १९७४ चा, आबिजान शहराच्या आबोबो भागातला. वडील बस चालवायचे, आई कपडे विकायची. आई गेली तेव्हा रशेल बारा वर्षांची होती. मागच्या भावंडांचं करणं तिच्यावर आलं. आपल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवीन नाही. घरातली मोठी मुलगी आणि गेलेली आई, यानंतर शाळेचं काय होतं ते सांगायला नको. २००० साली, सव्विसाव्या वर्षी त्या फ्रान्सला आल्या. आधी केशकर्तनाचं काम केलं, २००३ पासून हॉटेलात लागल्या. फ्रान्सचं नागरिकत्व मिळायला २०१५ उजाडलं. म्हणजे मतदानाचा हक्क मिळाल्यापासून सात वर्षांत त्या खासदार झाल्या.

मधल्या सात वर्षांत काय घडलं? एक संप घडला, आणि त्या संपाशिवाय या बाईंची राजकीय कारकीर्द समजतच नाही.

पॅरिसमधल्या बातिन्योल भागात इबिस नावाचं हॉटेल आहे, सातशेच्या वर खोल्यांचं. इबिस ही अकोर या बड्या फ्रेंच समूहाची साखळी. (त्यांची हॉटेलं मुंबईत आणि पुण्यातही आहेत.) आता या हॉटेलात स्वागतकक्षात बसणारा माणूस हॉटेलचा नोकर. पण खोल्या साफ करणाऱ्या बायका हॉटेलच्या नोकर नाहीत. सफाईचा ठेका दुसऱ्या कंपनीला दिलेला, आणि बायका त्या ठेकेदार कंपनीच्या. छत एकच, लिफ्ट एकच, पाहुणे तेच. पण हॉटेलच्या नोकरांना मिळणाऱ्या सवलती यांना नाहीत. बायका बहुतेक सगळ्या आफ्रिकेतून आलेल्या. त्यांच्यासाठी कामाचं माप ठरलेलं होतं, ताशी साडेतीन खोल्या. म्हणजे एका खोलीला सतरा मिनिटं. गृहिणी वाचक असतील त्यांनी घड्याळ लावून बघावं, एक पलंग नीट करून, बाथरूम घासून, कचरा काढून, फरशी पुसून सतरा मिनिटांत होतं का. पुन्हा खोलीत राहिलेला पाहुणा कसा असेल याचा नेम नाही. कोणी खोली जशीच्या तशी ठेवून जातो, कोणी रात्रभर मेजवानी करून जातो. माप मात्र एकच. मग बायका काय करायच्या? पगार सहा तासांचा आणि काम त्याहून जास्त वेळ. ठरलेल्या खोल्या संपल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि वरच्या वेळेचा हिशेब कोण मागणार?

कंबर, गुडघे, मनगटं जायची. अशातच, तब्येतीमुळे ज्यांना डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं होतं अशा काही बायकांना दुसऱ्या हॉटेलांत हलवायचं ठरलं, आणि तिथे ठिणगी पडली. जुलै २०१९ मध्ये संप सुरू झाला. बायका विसेक. युनियन पाठीशी होती, पण हॉटेल सुरूच होतं. या बायका रोज दारासमोर यायच्या. ढोल बडवायच्या, नाचायच्या, गाणी म्हणायच्या, रस्त्यावर कागदांचे कपटे उधळायच्या. कायम सफाई करणाऱ्यांनी कचरा करायचा, त्यातला खवचटपणा मला फार आवडला! लोकांच्या वर्गणीतून संपाचा निधी उभा राहिला म्हणून घरच्या चुली पेटत राहिल्या. आठ महिने रस्त्यावर गेल्यावर करोनाची साथ आली, हॉटेलच बंद झालं. कोणालाही वाटलं असतं, की आता संपला हा संप. तो संपला नाही. मे २०२१ मध्ये तडजोड झाली, तेव्हा बावीस महिने झाले होते.

मिळालं काय? महिना साधारण अडीचशे ते पाचशे युरो वाढ, जेवणाचा रोजचा भत्ता ७ युरो ३० सेंट, आणि माप साडेतीनवरून ताशी तीन खोल्यांवर आलं. सतराची वीस मिनिटं झाली. तीन मिनिटांसाठी बावीस महिने! वाचताना हसू येईल. पण दिवसाला वीस खोल्या करणाऱ्या बाईला ती तीन मिनिटं म्हणजे तासभर होतो, हा हिशेबही करून बघावा.

एक मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि खरी मागणी तीच होती. आम्हाला हॉटेलच्या नोकरीत घ्या, मधला ठेकेदार काढा, असं त्या म्हणत होत्या. ठेकेदार राहिला. सगळ्या गोष्टीची गोम इथे आहे. कंत्राटी पद्धतीत दोन मालक असतात आणि भांडायला एकही सापडत नाही. हॉटेल म्हणतं, या आमच्या बायका नव्हेत. ठेकेदार म्हणतो, हॉटेल मला खोलीमागे ठरावीक पैसे देतं, मी तरी काय करू? संप हॉटेलच्या दारात होता आणि वाटाघाटी ठेकेदाराशी, असा तो विचित्र मामला होता. आपल्याकडे महापालिकांच्या सफाईपासून बँकांच्या पहाऱ्यापर्यंत हाच प्रकार आहे, तेव्हा वाचकांना जास्त समजावून सांगायची गरज नाही.

रशेलबाई या संपात पुढे होत्या. कॅमेऱ्यासमोर न अडखळता बोलायच्या. व्याकरण चुकायचं, पण मुद्दा चुकायचा नाही. मेलाँशों यांच्या डाव्या पक्षाच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. २०२२ मध्ये डाव्यांची एकजूट झाली आणि त्यांना उमेदवारी मिळाली, तीही त्या राहत होत्या त्या शव्हिली-लारूच्या परिसरातूनच. प्रचाराला विरोधकही सोपे नव्हते. त्यांची २०१७ सालची काही जुनी लिखाणं बाहेर निघाली, त्यात चक्क उजव्या टोकाच्या मरीन ल पेन यांची बाजू घेतलेली होती. डाव्यांची पंचाईत झाली. तेव्हा बाईंना राजकारण कळत नव्हतं, असा खुलासा झाला. मला त्यात फार धक्कादायक वाटत नाही. वस्तीतली माणसं आज एका झेंड्याखाली, उद्या दुसऱ्या, हे आपण काय कमी पाहिलंय? कोणत्याच पक्षाने ज्यांचं काही केलेलं नसतं, त्यांच्याकडून पक्षनिष्ठेची अपेक्षा धरणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. पण खासदारकीला उभं राहणाऱ्या बाईला प्रश्न विचारले जाणार, हेही बरोबरच.

आता तिथल्या सभागृहाविषयी. फ्रान्स म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याचं माहेरघर असं आपल्याला उगीच वाटतं. तिथल्या बायकांना मताचा अधिकार १९४४ मध्ये मिळाला आणि पहिलं मतदान त्यांनी १९४५ मध्ये केलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये ५८६ जणांच्या सभागृहात ३३ बायका आल्या, आणि पुढची कित्येक दशकं तो आकडा वाढायच्या ऐवजी घसरतच गेला. शेवटी २००० साली कायदा करावा लागला, की पक्षांनी जितके पुरुष तितक्याच बायका उभ्या करायच्या, नाहीतर सरकारी अनुदान कापलं जाईल. मोठ्या पक्षांनी काय केलं? दंड भरला! आणि ज्या जागा हमखास जाणार तिथे बायकांना उभं केलं. हळूहळू फरक पडला. २०१७ मध्ये २२४ बायका निवडून आल्या. २०२२ मध्ये २१५ झाल्या, २०२४ मध्ये २०८. चढलेली पायरी उतरायला वेळ लागत नाही.

सभागृहातलं वागणं तरी कसं! २०१२ मध्ये सेसील द्युफ्लो नावाच्या मंत्रीणबाई निळ्या फुलांचा फ्रॉक घालून भाषणाला उभ्या राहिल्या, तर समोरून शिट्ट्या आणि हुर्यो. २०१३ मध्ये एक महिला सदस्य बोलत असताना एका सन्माननीय सदस्याने कोंबडीसारखा आवाज काढला. त्याचा एका महिन्याचा पाव मानधन-भत्ता कापला गेला, एवढं तरी झालं.

रशेलबाई गेल्या तेव्हा मात्र चित्र वरून फार छान दिसत होतं. पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न, म्हणजे बाई. त्याच जून महिन्यात सभागृहाच्या अध्यक्षपदी याएल ब्रॉन-पिव्हे आल्या. त्या पदावरच्या पहिल्याच बाई. आणि मागच्या बाकांवर एक खोल्या झाडणारी. पण पंतप्रधान इंजिनियर आणि सनदी अधिकारी, अध्यक्षबाई वकील. स्त्रिया वाढल्या तरी त्या कोणत्या घरांतल्या, हा प्रश्न उरतोच. फ्रान्समध्ये कामगार आणि साधे नोकरदार मिळून कमावत्या लोकांपैकी निम्म्याच्या आसपास भरतात. संसदेत मात्र त्यांच्यातले लोक शोधावे लागतात. एकेकाळी कम्युनिस्ट पक्षाच्या जोरावर गिरणीतली, खाणीतली माणसं तिथे बसत. तो पक्ष आटला, ती माणसंही दिसेनाशी झाली.

जुलै २०२२ मध्ये महागाईवर चर्चा चालू होती. सरकार किमान वेतन पंधराशे युरो करायला तयार नव्हतं. ते तेव्हा हातात पडायचं साधारण तेराशे. रशेलबाई उठल्या आणि त्यांनी सगळ्या सभागृहाला विचारलं, तुमच्यापैकी कोणी कधी आठशे युरो पगारावर महिना काढलाय का? नऊशेवर? हजारावर? समोरच्या बाकांवरून काहींनी आम्हीही काढलाय म्हणून ओरडून सांगितलं. गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी ते दृश्य सगळीकडे फिरलं. खासदाराचं मानधन तेव्हा महिना सात हजार युरोंच्या वर होतं, कर-कपाती धरून. ते आता रशेलबाईंनाही मिळत होतं, याची आठवण त्यांना विरोधकांनी करून दिलीच. तो बोचरा प्रश्न आहे हे मी नाकारत नाही. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते होत नाही.

टिंगल पुष्कळ झाली. उच्चारांची, चुकलेल्या वाक्यांची. फ्रेंच लोक भाषेच्या बाबतीत आपल्या पुण्याच्या लोकांना हार जायचे नाहीत. त्यात बाई काळ्या वर्णाची आणि सफाईचं काम केलेली. खासदाराला भाषा यावी हा आग्रह मलाही पटतो, मी कला शाखेची आहे. पण सभागृहात शुद्ध बोलून रोजगार कापणारे आणि चुकतमाकत बोलून तो मागणारे यांच्यात निवड करायची झाली तर मला फार विचार करावा लागणार नाही.

आता कामाचं मोजमाप. दोन वर्षांत त्यांच्या हातून काय झालं? खरं सांगायचं तर कायद्याच्या पुस्तकात दाखवण्यासारखं थोडं. हॉटेलांतली सफाई ठेक्याने द्यायला बंदी करायची, हे त्यांचं मुख्य आश्वासन होतं. तसा कायदा झाला नाही. याला फक्त त्या जबाबदार नाहीत. तिथे कामकाजाचा बराचसा वेळ सरकारच्या हातात असतो आणि विरोधी गटाला स्वतःची विधेयकं मांडायला वर्षाकाठी एक दिवस मिळतो. एक दिवस! त्या एका दिवसाचं सोनं होऊ शकतं हेही खरं. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच पक्षाने आपल्या दिवशी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव आणला, तो ३३७ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाला, आणि तिथून सुरू झालेली वाट ४ मार्च २०२४ ला व्हर्साय इथे दोन्ही सभागृहांच्या ७८० मतांनी घटनेत पोचली. म्हणजे अशक्य नसतं. पण गर्भपाताच्या हक्कामागे सरकारी बाकांवरच्या बायकाही उभ्या राहिल्या. ठेकेदारी बंद करायला त्या उभ्या राहिल्या नाहीत. शरीराचा हक्क सगळ्या वर्गांतल्या बायकांना जोडतो. हॉटेलच्या खोलीत मात्र एक बाई पाहुणी असते आणि दुसरी तिच्या चादरी काढत असते.

२०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ वर न्यायचा कायदा सरकारने मतदान टाळून, घटनेतल्या एका खास कलमाचा आधार घेऊन, पुढे रेटला. साफसफाई करणाऱ्या बाईला चौसष्टाव्या वर्षापर्यंत वाकायला सांगणं म्हणजे काय, हे तिथे अनुभवाने सांगू शकणारी माणसं किती होती? माझ्या माहितीतल्या घरकाम करणाऱ्या बायका पंचेचाळिशीतच गुडघ्याला तेल चोळत बसतात. (महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये केला, पण निवृत्ती हा शब्दच त्यांच्या आयुष्यात नाही.)

मग ९ जून २०२४ ला मॅक्रॉन यांनी अचानक सभागृह बरखास्त केलं. ७ जुलैला दुसरी फेरी झाली. देशभरात डावी आघाडी पहिल्या क्रमांकावर आली, आणि रशेलबाई पडल्या! त्यांना हरवलं व्हँसाँ जाँब्रँ या उजव्या पक्षाच्या नेत्याने. हे तेव्हा २०१४ पासून लाय-ले-रोझ गावाचे महापौर होते. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलिसाच्या गोळीने एक सतरा वर्षांचा मुलगा मेला आणि उपनगरं पेटली, तेव्हा यांच्या घरावर मध्यरात्री गाडी घालून हल्ला झाला होता. बायको लहान मुलांना घेऊन पळताना जखमी झाली. त्यामुळे त्यांच्याविषयी लोकांत सहानुभूती होती, आणि ती खोटी नव्हती. शिवाय दहा वर्षांचा महापौर म्हणजे गटारापासून शाळेपर्यंत प्रत्येक कामासाठी लोक ज्याच्याकडे जातात असा माणूस.

मला आणखी एक कारण दिसतं. २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीत देशभरात निम्म्याहून जास्त मतदार घरी बसले होते. २०२४ मध्ये खूप जास्त लोक बाहेर पडले. गरिबांची मतं वाढली की गरिबांचा उमेदवार जिंकतो असं आपण गृहीत धरतो. पण मतदान वाढतं तेव्हा सगळ्यांचंच वाढतं. आणि १७७ मतांची आघाडी ती काय, एका इमारतीतली माणसं फिरली तरी जाते.

एका बाईला उमेदवारी देऊन पक्षाने फोटो काढून घेतला, असा आरोप त्यांच्या पक्षावर झाला. मी तो पुरता खोडून काढू शकत नाही. संपातून आलेल्या बाईला संसदेचं कामकाज शिकायला, मतदारसंघ बांधायला वेळ लागतो, आणि तो दोन वर्षांत मिळत नाही. वकील, डॉक्टर, सनदी अधिकारी हे शिकूनच येतात. आपल्याकडे १९९३ नंतर ग्रामपंचायतीत बायका आल्या, तेव्हा ‘सरपंचपती’ म्हणून किती हसलो आपण. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या. ज्या बाईला दुसऱ्यांदा संधी मिळाली तिचं काम पाहिलेलं आहे मी. पहिल्या वेळेला ती सही कुठे करायची ते विचारते, दुसऱ्या वेळेला का करायची ते विचारते. पण आरक्षण फिरतं आणि दुसरी वेळ बहुतेकींना येतच नाही.

लोकसभेत २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागांचं वचन दिलं, ते जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेच्या मागे बांधून. त्या जागा येतील तेव्हा कोणाच्या लेकी-सुना तिथे बसतील याचे अंदाज मी मैत्रिणींबरोबर बांधते. त्यांत अजून एकदाही आमच्यापैकी कोणी घरकामाला जाणाऱ्या बाईचं नाव घेतलेलं नाही.

बातिन्योलच्या त्या हॉटेलात संपानंतर बायका कामावर परतल्या त्या ठेकेदाराच्याच हजेरीपटावर. माप ताशी तीन खोल्या.